दाजींची डायरी आणि कामगार न्यायालयातली अडीच वर्षं

दाजी गेले त्या दिवशी सकाळी पाऊस उघडला होता. पाऊस असता तर वाचले असते, असं ताई अजून म्हणते. २०२२ चा सप्टेंबर. साखर कारखान्याच्या गोदामावरचे सिमेंटचे पत्रे गळत होते, खाली पोत्यांची थप्पी भिजत होती, आणि जरा उघडीप मिळाल्याबरोबर ठेकेदारानं चौघांना वर चढवलं. पत्रे जुने, त्यावर शेवाळ. पत्र्याखालच्या लोखंडी पट्टीवर पाय ठेवून चालायचं असतं, हे दाजींना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पंधरा वर्षं तेच काम. पण एक पाय मधे पडला आणि पत्रा पापडासारखा मोडला. खाली काँक्रीट. वर आडव्या फळ्या टाकल्या नव्हत्या, खाली जाळी नव्हती.

मी पतसंस्थेत कारकून आहे. आकडे आणि फायली यांच्यात माझा दिवस जातो, म्हणून घरच्यांनी हे सगळं माझ्या गळ्यात घातलं. ते बरंच झालं. रडायला वेळ मिळाला नाही.

एक गोष्ट आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तो कारखाना सहकारी आहे आणि माझे वडील त्याचे सभासद. आमचा ऊस तिथंच जातो, दिवाळीला सवलतीची साखर तिथूनच येते. ताईच्या सासरचाही शेअर आहे. त्यामुळे दाजींच्या अंत्यविधीला कारखान्याचे दोन संचालक, शेती अधिकारी, सगळे होते. हात जोडून उभे होते. 'कारखाना आपलाच आहे, काळजी करू नका' हे वाक्य मी त्या आठवड्यात किती वेळा ऐकलं, मोजलं नाही.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी ठेकेदारानं ताईच्या सासूबाईंच्या हातात पाकीट ठेवलं, चाळीस हजाराचं. खर्चाला म्हणून. बाराव्याच्या आदल्या दिवशी तो पुन्हा आला. या वेळी बरोबर गावातलेच दोन प्रतिष्ठित आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर टाइप केलेला मजकूर. तीन लाख रुपये एकरकमी मिळाले, यापुढे ठेकेदाराविरुद्ध किंवा कारखान्याविरुद्ध आमची काही तक्रार नाही, असं काहीसं. खाली ताईच्या नावापुढे फुली मारून ठेवलेली. थोरले दीर म्हणाले, "घेऊन टाकू. कोर्टाच्या पायऱ्या चढून कुणाचं भलं झालंय?"

तेवढ्यात सोप्यावर बसलेले आमच्या गल्लीतले एक म्हातारे उठले. जुने लाल बावट्यावाले, गिरणीत कामाला होते. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा न लावताच परत दिला आणि म्हणाले, "पोरी, कोऱ्या कागदावर करू नको तसं भरल्या कागदावर पण सही करू नको. हा पैसा घरात येऊन कुणी देत नसतंय. हा कोर्टात भरायचा असतोय."

मला ते तेव्हा म्हातारपणचं बोलणं वाटलं. पण त्या रात्री मी कायदा शोधून वाचला, आणि म्हातारा शब्दाशब्दाला खरा निघाला. तेव्हा लागू असलेला, १९२३ चा हा कायदा. पूर्वी त्याला कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणत, २०१० पासून कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम. त्याच्या आठव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की कामगाराचा मृत्यू झाला असेल तर भरपाई या कायद्याखाली नेमलेल्या आयुक्तांकडेच जमा करायची. मालकानं परस्पर विधवेच्या हातात दिली तर ती भरपाई दिली असं धरलंच जात नाही. फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल देता येते, आणि ती नंतर वळती होते. आणि हक्क सोडून दिल्याचा करार? सतरावं कलम: असा करार रद्दबातल. म्हणजे ताईनं सही केली असती तरी तो कागद टिकला नसता. पण हे कुणी सांगितल्याशिवाय ताईला कळलं नसतं, आणि न टिकणाऱ्या कागदानंही माणसं वर्षानुवर्षं गप्प बसतात. ठेकेदाराला तेवढंच हवं होतं.

मग मी हिशेब मांडला. रीत अगदी साधी आहे. महिन्याचा पगार, त्याचा निम्मा, आणि त्याला मृताच्या वयाप्रमाणे ठरलेल्या एका आकड्यानं गुणायचं. त्या आकड्यांचा तक्ता कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहे. अडतीस पूर्ण असतील तर १८९.५६, एकेचाळीस असतील तर १८१.३७. वय वाढेल तसा आकडा घटतो. पगार कितीही असला तरी १५,००० च्या वर धरत नाहीत. ३ जानेवारी २०२० पासून ही मर्यादा आहे, त्याआधी ती ८,००० होती. कितीही कमी पगार असला तरी मृत्यूला १,२०,००० च्या खाली भरपाई जात नाही. दाजींचा पगार पंधरा हजारांच्या वर, वय अडतीस, म्हणजे ७,५०० गुणिले १८९.५६. चौदा लाख एकवीस हजार सातशे.

मी तो आकडा तीनदा काढला. सकाळी ताईला दाखवला. ती आकड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तीन लाखांत मिटवायला आले होते?"

पहिला घोळ वयाचाच निघाला. आधार कार्डावर १ जानेवारी १९८१. आमच्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जानेवारीलाच असतो, कार्ड काढणाऱ्यानं विचारायचं आणि आईनं 'असेल चाळीसभर' म्हणायचं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मात्र ५ जून १९८४. या एका तारखेनं ६१,४२५ रुपयांचा फरक पडत होता. दाखला आणायला दाजींच्या प्राथमिक शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टर काढून पानावर बोट ठेवलं. दाजींचं नाव, खाली त्यांच्या वडिलांचा अंगठा. अर्जात गैरअर्जदार असलेल्या विमा कंपनीच्या वकिलानं शेवटपर्यंत आधार पुढे केलं, पण शाळेच्या रजिस्टरपुढे ते टिकलं नाही.

दुसरा घोळ पगाराचा, आणि तिथं डायरी आली.

दाजी दरवर्षी खताच्या दुकानातून फुकट मिळणारी खिशातली डायरी वापरायचे. रोज एक ओळ. कुठं काम, किती हजेरी म्हणजे रोजची मजुरी, उचल घेतली असेल तर ती. '९०० गोदाम.' '९०० डेअरी शेड.' 'पाऊस. काम नाही.' '९००, उचल ५००.' त्यांच्या हाताला वेल्डिंगचे डाग असायचे, काही पानांवर ते उमटलेत. ताईनं त्यांचे कपडे वाटून टाकले, पण ट्रंकेत २०२१ आणि २०२२ च्या दोन डायऱ्या राहिल्या होत्या. तिच्या लेखी ती आठवण होती. वकिलांनी बघितल्या आणि खुर्चीतून उठलेच.

कारण ठेकेदारानं आपल्या कैफियतीत, म्हणजे कोर्टातल्या लेखी उत्तरात, म्हटलं होतं की हजेरी ४५० रुपये. त्यासाठी त्यानं मस्टरही हजर केलं. चार वर्षांचं मस्टर, सगळं एकाच निळ्या पेनानं लिहिलेलं, एकही डाग नाही. पावसाळ्यात पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाचं मस्टर इतकं स्वच्छ कसं, हे आमच्या वकिलांनी उलटतपासात विचारलं तेव्हा न्यायाधीश साहेबसुद्धा हसले. ४५० धरली असती तर सव्वीस दिवसांच्या महिन्याचे ११,७०० आणि भरपाई ११,०८,९२६. म्हणजे त्या फुकटच्या डायरीची किंमत तीन लाख बारा हजार सातशे चौऱ्याहत्तर रुपये. मी कारकून आहे, मला असे हिशेब करायची खोड आहे.

पण डायरी दुधारी निघाली. विमा कंपनीच्या वकिलांनी तीच उघडून ताईला विचारलं, "जुलै महिन्यात किती दिवस काम केलं? वाचून दाखवा." ताई पिंजऱ्यात उभी. दाजींचं अक्षर. ती वाचत गेली: पाऊस, काम नाही. पाऊस, काम नाही. अकरा दिवस भरले. "म्हणजे महिन्याला ९,९०० रुपये, बरोबर?" ताईनं माझ्याकडे बघितलं. मला बोलता येत नव्हतं.

त्या रात्री मी आणि भाची डायऱ्या घेऊन बसलो. फोटो काढून ठेवले होते म्हणून बरं. एकाच मालकाकडे सलग बारा महिने काम असेल तर एका महिन्याचा पगार कायदा बघत नाही, बारा महिन्यांची बेरीज घेऊन बारानं भागतो. भाची वाचत होती, मी रेघा मारत होतो. दोनशे छत्तीस दिवस. गुणिले नऊशे, भागिले बारा: १७,७००. पंधरा हजारांच्या वर. दोनशे दिवस भरले असते तरी पुरलं असतं, छत्तीस जास्तच होते. बेरीज झाल्यावर भाची म्हणाली, "मामा, बाबांनी दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पण काम केलंय." मी वही मिटली.

डायरी एकटी पुरली नसती. ठेकेदारानं काही वेळा मोबाइलवरून पैसे पाठवले होते, त्यांची बँकेतून नोंद काढली. रकमा डायरीशी जुळल्या. आणि त्या दिवशी वर चढलेल्या चौघांपैकी एक जण साक्षीला आला. तो आजही त्याच ठेकेदाराकडे काम शोधायला जाऊ शकला असता. आता जाऊ शकत नाही.

अर्ज आम्ही जानेवारी २०२३ मध्ये दाखल केला. त्या कायद्यात मुदत दोन वर्षांची होती, पण थांबण्यात अर्थ नव्हता. आमच्या राज्यात हे आयुक्त म्हणजे बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच. गैरअर्जदार तीन: ठेकेदार, कारखाना, विमा कंपनी. कारखान्याचं नाव घालताना वडिलांनी जेवण टाकलं. "आपल्याच कारखान्यावर केस?" मी त्यांना बारावं कलम वाचून दाखवलं: मालकानं आपल्या धंद्यातलं काम ठेकेदाराकडून करून घेतलं, तर ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते. वडिलांना कलमाशी काही देणंघेणं नव्हतं. पुढच्या वर्षी आमची ऊसतोड उशिरा आली. ते केसमुळे की टोळ्याच कमी होत्या म्हणून, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही.

कारखान्याचा बचाव असा की आमचा धंदा साखर बनवायचा, पत्रे बदलायचा नाही. त्यामुळे बारावं कलम लागू होत नाही. आमच्या वकिलांचा सवाल एकच होता: गोदाम गळत असताना साखर कुठं ठेवणार होता? विमा कंपनीनं आधी म्हटलं, ईएसआयकडे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेकडे जा. ईएसआयचा कायदा लागू असेल तर हा अर्ज चालतच नाही, तिथं वेगळा प्रकार आहे. एकरकमी पैसे न मिळता सरासरी रोजच्या वेतनाच्या नव्वद टक्के धरून कुटुंबाला दरमहा रक्कम मिळते, त्यात विधवेला तीन पंचमांश. खरं सांगायचं तर ताईसाठी तेही वाईट नव्हतं. पण साखर कारखाना हंगामी कारखान्यात मोडतो, त्याला ईएसआय लागत नाही, आणि ठेकेदाराकडे मोजून सहा माणसं. तो मुद्दा तिथंच संपला.

दारूचा मुद्दाही निघाला. ठेकेदाराच्या कैफियतीत एक ओळ होती, 'मयत हा मद्यप्राशनाच्या सवयीचा होता'. ताईनं ती ओळ वाचली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. शवविच्छेदनाच्या अहवालात तसं काही नव्हतं. पण वकील म्हणाले, असतं तरी फरक पडत नाही. दारू, किंवा मुद्दाम पट्टा न बांधणं, हे बचाव दुखापतीत चालतात. मृत्यू झाला की चालत नाहीत. मग ती ओळ लिहिली कशाला? ताईचा प्रश्न अजून तोच आहे.

कागद जमवायचे तर माझा अनुभव असा. पोलिसांकडून अकस्मात मृत्यूची नोंद, नंतरचा गुन्हा आणि घटनास्थळाचा पंचनामा यांच्या नकला लगेच घ्या. शवविच्छेदनाचा अहवाल सरकारी दवाखान्यात तीन हेलपाट्यांनी मिळाला. सगळ्यात उपयोगी पडला औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकांचा अहवाल. मी तो माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मागवला. फळ्या आणि जाळी नव्हती, हे त्यात सरकारी भाषेत लिहिलं होतं. आपण सांगितलं तर आरोप, त्यांनी लिहिलं तर पुरावा. वारस दाखल्यासाठी मी फुकट पंधरा दिवस तहसीलला घातले. इथं वारस बघत नाहीत, अवलंबित बघतात: विधवा, अठरा वर्षांखालचा मुलगा, अविवाहित मुलगी, विधवा आई. थोरल्या दिरांचं नाव त्यात बसत नाही हे कळल्यावर त्यांचं तारखेला येणं कमी झालं.

एक हळहळ राहिलीच. ट्रंकेत डायऱ्यांबरोबर बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड सापडलं. नूतनीकरण दोन वर्षं थकलेलं. ते चालू असतं तर कामावरच्या मृत्यूचे पाच लाख मंडळाकडून मिळाले असते, या अर्जाशी त्याचा काही संबंध नव्हता. दुसरी हळहळ माझ्या अज्ञानाची: महिलेला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, उत्पन्न न बघता. हे मला वकीलपत्रावर सही झाल्यावर सात महिन्यांनी कळलं.

असा अर्ज तीन महिन्यांत निकाली काढावा, असं कायदाच म्हणतो. आमच्या एकवीस तारखा पडल्या. कधी विमा कंपनीचे वकील नाहीत, कधी साहेब रजेवर, कधी वकिलांचा कामबंद. मधे लोकअदालत आली. नऊ लाखांवर मिटवायची तयारी विमा कंपनीनं दाखवली. भाची दहावीला, सासूबाईंचं मोतिबिंदूचं ऑपरेशन, ताई शिवणाच्या मशीनवर रात्री बारापर्यंत. त्या दिवशी कोर्टाच्या आवारातल्या टपरीवर चहा घेताना मीच म्हणालो, घेऊया का? ताई म्हणाली, "त्यांच्या नऊशेचे साडेचारशे केले तेव्हा आपण गप्प बसलो नाही. आता चौदाचे नऊ का करायचे?" नऊ लाख लगेच घेणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. आमच्या घरात पतसंस्थेचा पगार येत होता, म्हणून आम्हाला थांबता आलं.

निकाल लागला आणि मार्च २०२५ मध्ये विमा कंपनीनं पैसे भरले. मूळ १४,२१,७००. त्यावर अपघातापासून दरसाल १२ टक्के सरळ व्याज, अडीच वर्षांचं ४,२६,५१०. अंत्यविधीचे ५,०००. त्यातून पाकिटातले ४०,००० वजा, कारण ती उचल ठरली. हाती १८,१३,२१०. अपिलासाठी साठ दिवस असतात, ते आम्ही कॅलेंडरवर खुणा करत काढले. अपील झालं नाही.

'हाती' म्हणालो ते खरं नव्हे. वाटणी साहेब करतात. सासूबाईंना अडीच लाख, दोन्ही मुलांना चार-चार लाख, अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत ठेव. उरलेले ७,६३,२१० ताईचे, त्यातलेही तीन लाख तीन वर्षांच्या ठेवीत. ताईनं विचारलं, माझे पैसे मला का नाहीत? मी कायदा उघडला तर तिथं स्त्री आणि कायद्यानं अक्षम व्यक्ती एकाच ओळीत बसवल्यात. त्यांचे पैसे आयुक्त गुंतवू शकतात. १९२३ सालची ओळ. अडीच वर्षं पिंजऱ्यात उभी राहून आकडे वाचणाऱ्या बाईला ती वाचून दाखवणं मला जड गेलं. पण ठेव झाल्यामुळे दिरांना ट्रॅक्टरसाठी मागायला जागा उरली नाही, हेही खरं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, त्यामुळे आता अर्ज करणाऱ्यानं वकिलांना आधी नवी कलमं विचारावीत. माझी कलमं, मुदती आणि आकडे जुन्या कायद्यातले आहेत.

दंड बाकी आहे. एका महिन्यात पैसे न भरल्याबद्दल मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड लावता येतो आणि तो विमा कंपनीवर जात नाही. आमच्या साहेबांनी ठेकेदाराला नोटीस काढून पंचवीस टक्के लावला, ३,५५,४२५. तो भरला नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करायचा असतो. त्याची फाइल तहसीलमध्ये आहे. मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जातो.

डायऱ्या मात्र परत मिळाल्या. मूळ कागद परत मिळण्याचा अर्ज ताईनं स्वतः लिहिला. २०२२ च्या डायरीवर लाल शाईत 'निशाणी क्र. २४' असा शिक्का आहे. घरी आल्यावर तिनं शेवटचं लिहिलेलं पान काढलं. आदल्या दिवशीचं. '९०० गोदाम.' त्याखाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात, 'बाकी २७००'. तीन दिवसांची हजेरी ठेकेदाराकडून यायची राहिली होती. एकवीस तारखांत ते पान सगळ्यांनी बघितलं होतं, मीही. ते आम्ही कुठल्याच अर्जात मागितलं नव्हतं.